पिव्होट टेबलमधील वार्षिक विक्रीवाढ

एखाद्या महिन्याची विक्री गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा किती टक्क्यांनी वाढली वा घटली, हे स्प्रेडशीटच्या सारणीत दाखवण्याची रीत. गणित सोपे आहे : 8 लाखांची विक्री 10 लाखांवर गेली, तर फरक 2 लाख आणि वाढ 25 टक्के. हजारो बिलांवर हेच काम पिव्होट टेबल क्षणात करते.

एक्सेलमध्ये तारखांचे महिना आणि वर्ष असे गट पाडून महिने ओळींत, वर्षे स्तंभांत घेतात. विक्रीची रक्कम ‘व्हॅल्यूज’मध्ये दुसऱ्यांदा ओढून ‘शो व्हॅल्यूज ॲज’मधून ‘% डिफरन्स फ्रॉम’ निवडतात. ‘बेस फील्ड’ वर्ष, ‘बेस आयटम’ ‘प्रीव्हियस’. पहिल्या वर्षाचा स्तंभ कोराच राहतो. तारखा मजकुराच्या रूपात आल्या असतील तर गट पडत नाहीत; त्या आधी दुरुस्त कराव्या लागतात. एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष हवे असल्यास मूळ नोंदींत एक स्तंभ वाढवून तारखेच्या तीन महिने मागचे वर्ष त्यात काढतात.

पुण्याच्या बाजारपेठेत मात्र ही सारणी पंचांगाशिवाय वाचू नये. गणेश चतुर्थी 2022 मध्ये 31 ऑगस्टला होती. 2023 मध्ये अधिक श्रावण आल्याने ती 19 सप्टेंबरला गेली. तुळशीबागेतल्या पूजासाहित्याच्या किंवा सजावटीच्या दुकानात धंदा तेवढाच झाला, तरी ऑगस्ट 2023 समोर मोठी घट आणि सप्टेंबरसमोर मोठी वाढ दिसणार. लक्ष्मी रस्त्यावरच्या कापड आणि सराफी दुकानांना हाच धोका दिवाळीत : लक्ष्मीपूजन 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला. यावर खात्रीचा उपाय म्हणजे मूळ नोंदींत ‘हंगाम’ असा स्तंभ घालून ऑगस्ट-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर यांची जोडीने तुलना करणे. सणाच्या मालाची नुसती महिनावार टक्केवारी मालकापुढे ठेवणे म्हणजे त्याला चुकीच्या खरेदीकडे ढकलणे होय.

एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीमुळे अशी दुकाने बंद होती. त्या महिन्यावरून पुढची वाढ काढली तर शून्याने भागाकार होतो किंवा टक्केवारी अवास्तव फुगते. तिथे ‘प्रीव्हियस’ऐवजी 2019 हे ठरावीक वर्ष आधाराला घ्यावे. चालू वर्ष अपुरे असल्यास गेल्या वर्षाचेही तेवढेच महिने फिल्टरने ठेवावेत.