उबवणी : शब्द आणि विद्या

अंड्यातून पिल्लू निघावे म्हणून जी क्रिया घडते तिला मराठीत ‘उबवणे’ म्हणतात. लॅटिन भाषेतील ‘इन्कुबारे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘वर निजणे’ असा आहे. मराठीने ऊब पाहिली, लॅटिनने बसणारी पक्षीण पाहिली. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. कोंबडीवाचून अंडी उबवण्याच्या दीर्घ इतिहासाचा मूळ प्रश्नच त्यात सामावलेला आहे. बसणाऱ्या कोंबडीपासून ऊब वेगळी काढता येते काय, आणि तेवढ्याने काम भागते काय?

या प्रश्नाचे पहिले विख्यात उत्तर मिसर देशाने दिले. तेथे शेणखताच्या ढिगात अंडी पुरून पिल्ले काढतात, असे इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने नमूद केले आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकात डायोडोरसनेही या कौशल्याची नवलाईने नोंद घेतली. पुढे इ. स. १२०० च्या सुमारास बगदादच्या अब्द-अल-लतीफने मिसरमधील उबवण-भट्ट्यांचे तपशीलवार वर्णन केले. मधोमध अरुंद वाट आणि दोन्ही अंगांना दुमजली खोल्या, अशी या कच्च्या विटांच्या भट्ट्यांची सर्वसाधारण रचना असे. खालच्या खोलीत अंडी ठेवीत व वरच्या खोलीत शेण आणि भुसा यांचा मंद विस्तव धुमसत ठेवीत. सुमारे निम्मा काळ सरला की विस्तव विझवीत. कारण वाढता गर्भ स्वतःच उष्णता निर्माण करू लागतो. उष्णतामापक नव्हताच. कारागीर अंडे पापणीला लावून उष्णतेची परीक्षा करी. ही विद्या नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील बर्मा गावच्या कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत राहिली.

फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पापणीचे ज्ञान आकड्यात उतरवावे, हा त्याचा प्रयत्न होता. त्याने स्वतःच्या उष्णतामापकावरील ३२ अंश, म्हणजे सेल्सिअसचे ४० अंश, ही मर्यादा सांगितली. पंख्याने हवा खेळवणाऱ्या आजच्या यंत्रांत ती ३७.५ अंशांच्या आसपास राखतात. परंतु तापलेल्या खतात पिंपे पुरून त्याने प्रयोग केले, तेव्हा आकडा साधूनही खताच्या वाफेने गर्भ मरू लागले. ऊब होती, पण शुद्ध हवा नव्हती.

कोंबडी घरट्यात निव्वळ बसून नसते, हे अशा अपयशांतूनच उमगत गेले. ती चोचीने अंडी वारंवार फिरवते, त्यामुळे गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटत नाही. चाऱ्यासाठी ती थोडा वेळ उठते, तेव्हा अंड्यांना मोकळी हवा लागते. तिच्या अंगाखाली दमटपणाही टिकून राहतो. २१ दिवसांचे हे सारे काम यंत्राला एकेक करून शिकवावे लागले.

पिल्लू बाहेर आले तरी प्रश्न संपत नाही. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस तगते. पण ऊब त्याला लगेच हवी असते. यासाठी रेओम्यूरने आतून मेंढीचे लोकरी कातडे लावलेली पेटी योजिली आणि तिला ‘कृत्रिम माता’ म्हटले. आज पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश उष्णता ठेवून ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवीत नेतात. तरीही खरा निर्णय पिल्लेच देतात. ती दिव्याखाली दाटीने गोळा झाली तर थंडी अधिक आहे, आणि चोची उघडून दूर पळाली तर उष्णता अधिक आहे, असे समजावे. पापणीची परीक्षा गेली, पण डोळ्यांची परीक्षा राहिली आहे.

या प्रगतीचे मोलही ध्यानात घेतले पाहिजे. अंडी घालणे थांबवून उबवणीस बसू पाहणाऱ्या कोंबडीला मराठीत ‘खुडूक’ म्हणतात. गावठी कोंबडीचा हा गुण घरधनिणीच्या दृष्टीने वंशवृद्धीचा आधार होता. अंड्यांच्या व्यापारात तोच दोष ठरला. म्हणून व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून तो निवडपद्धतीने जवळजवळ नाहीसा करण्यात आला. प्रारंभी यंत्र कोंबडीचे अनुकरण करीत होते; आता या जातींची वंशवृद्धी यंत्रावाचून किंवा दुसऱ्या खुडूक कोंबडीवाचून सहसा होत नाही. ऊब बसणारीपासून वेगळी झाली खरी. परंतु त्या क्रमात बसणे हीच क्रिया लोपत चालली. ‘खुडूक’ हा शब्द मात्र, गावठी कोंबडी ज्या अंगणात आहे, तेथे आजही जिवंत आहे.