मुकण्याची गढी, जव्हारची गादी

नाशिककरांच्या नळाला येणारं काही पाणी इगतपुरी तालुक्यातल्या मुकणे धरणाचं असतं. याच नावाच्या एका आदिवासी राजघराण्याने घाट उतरून सहाशे वर्षं राज्य केलं, हे मात्र शहरात फार थोड्यांना ठाऊक असतं. घराणं जव्हारचं, आडनाव मुकणे, जमात महादेव कोळी.

त्याच्या मूळपुरुषाची कथा ब्रिटिशकालीन ठाणे गॅझेटियरने नोंदवून ठेवली आहे. थळघाटाजवळ मुकणे इथे जयबा ऊर्फ पौपेरा याची लहानशी मातीची गढी होती. पिंपरीच्या देवस्थानी पाच कोळी गोसाव्यांनी त्याला जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. मग जयबाने माणसं जमवली. पेठ आणि धरमपूरच्या लोकांनी त्याला मान दिला. पुढे तो सुरत, काठियावाडपर्यंत गेला आणि सात वर्षांनी परतला. जव्हारच्या सरदाराकडे त्याने बैलाच्या कातड्याएवढीच जमीन मागितली. सरदार हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि सरदाराचं ठाणंच त्यांनी वेढून टाकलं! उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर वसवणाऱ्या डायडो राणीबद्दल हुबेहूब हीच गोष्ट सांगतात. म्हणून ती इतिहास म्हणून घेता येत नाही. पण आपलं राज्य तलवारीपेक्षा अकलेवर मिळवलं, असं एका समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सांगावंसं वाटलं, हे महत्त्वाचं आहे.

जयबाच्या मुलाला, नेमशहाला, दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. त्याची खूण म्हणून 5 जून 1343 पासून जव्हारात स्वतंत्र शक सुरू झाला. एकोणिसाव्या शतकातही दरबारी कागदांवर तोच शक लिहीत.

जव्हारजवळ शिरपामाळ आहे. जानेवारी 1664 मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहांनी त्यांचं स्वागत केलं, हे तिथलं पोरसुद्धा सांगेल. पुढचं मात्र क्वचितच कोणी सांगतं. जून 1672 मध्ये महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकलं, सतरा लाखांचा खजिना मराठ्यांच्या हाती लागला आणि विक्रमशहा मोगलांच्या मुलखात, नाशिककडे निघून गेले. दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये सापडलेल्या लहान राज्याची ही ओढाताण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

घराणं तरीही टिकलं. शेवटचे राजे यशवंतराव दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते; 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पुढे यशवंतराव लोकसभेवर निवडून गेले. डोंगरावरचा त्यांचा जयविलास राजवाडा आजही उभा आहे.

पण राजवाड्यापेक्षा जव्हारची खरी दौलत आहे ती बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव. होळीनंतर, उन्हाळ्याच्या रात्रींना जव्हार-मोखाड्याच्या गावांत मशाली पेटतात. संबळ वाजू लागतो. एकेक सोंग रस्त्यावर उतरतं: आधी गणपती, शारदा, मग रावण, नृसिंह आणि इतर देव-दैत्य. जड मुखवटा चेहऱ्यावर बांधलेला माणूस ठेक्यावर पुढे सरकतो, दोन पावलं मागे येतो, पुन्हा पुढे. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे ठरलेलं असतं. बापाचा मुखवटा मुलाकडे येतो. शेवटी जगदंबा निघते आणि महिषासुराशी तिची लढाई होते. कोळी, वारली, कोकणा, ठाकूर सगळे त्या गर्दीत असतात, आणि गावातले वाणी, ब्राह्मणही. जिथे राजा आदिवासी होता, तिथला गावाचा उत्सव असाच असणार.

याच जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी 1992 साली कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे देशभर गाजलं. तेव्हापासून बाहेरच्या जगाला जव्हार म्हणजे भूक, एवढंच दिसत आलं आहे. ती भूक खरी होती आणि तिचा जाब मागायलाच हवा. मात्र ज्यांच्या घरी सहा शतकांची गादी होती, त्यांची ओळख केवळ दारिद्र्याने करून देणं हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय आहे.

नाशिकहून त्र्यंबक, आंबोली, मोखाडा या वाटेने जव्हार गाठता येतं. नाशिकच्या शाळांच्या सहली दरवर्षी रायगड-प्रतापगडाकडे जातात. शिक्षकांनी त्यांतली एक तरी या वाटेने न्यावी, आणि निघण्याआधी मुलांना मुकणे गाव नकाशावर दाखवावं.