विमानमार्गाचे अंतर व प्रवासकाल : हेल्सिंकी–टोकिओ मार्ग

दोन दूरस्थ विमानतळांमधील पृथ्वीपृष्ठावरील किमान अंतर बृहद्‌वृत्ताच्या कंसावर मोजतात. दोन्ही स्थळांचे अक्षांश व रेखांशांतील फरक यांवरून गोलीय त्रिकोणमितीने भूकेंद्राशी होणारा कोन काढला जातो; त्याच्या दर अंशास सु. १११ किमी. अंतर पडते. फिनलंडमधील हेल्सिंकी व टोकिओजवळील नारिता या विमानतळांबाबत हा कोन सु. ७०·४ अंश, म्हणजे अंतर सु. ७,८०० किमी. येते. ताशी ९०० किमी. वेग धरल्यास पावणेनऊ तास लागावेत. चढउतार, वारे व वळणे यांमुळे त्यात भर पडते.

तथापि हे गणित आकाश खुले असल्याचे गृहीत धरते. शिकागो करारान्वये (१९४४) प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता असते. हा लघुतम मार्ग सैबीरियावरून जातो. त्यामुळे १९८३ मध्ये फिनएअर कंपनीने या दोन शहरांदरम्यान विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएट हद्द टाळण्यासाठी तिची डीसी–१० विमाने उत्तर ध्रुव व बेरिंग सामुद्रधुनी यांवरून नेण्यात आली, प्रवासास सु. तेरा तास लागत. पुढे सैबीरियावरील मार्ग मिळाल्यावर हा काल सु. साडेनऊ तासांवर आला. युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने फिनलंडसह अनेक देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. तेव्हा ध्रुवीय मार्ग पुन्हा स्वीकारावा लागला व प्रवास सु. तेरा तासांचा झाला.

विमानांचा पल्ला वाढूनही चाळीस वर्षांपूर्वीचाच काल परतला. बृहद्‌वृत्त अंतराची किमान मर्यादा ठरविते. प्रत्यक्ष मार्ग मात्र राष्ट्रांचे परस्परसंबंध ठरवितात.