आण्विक शरीरक्रियाविज्ञान व प्रणाली जीवविज्ञान : वैद्यकातील पीएच.डी.

हृदयाचा ठोका, इन्शुलिनचा पाझर, मूत्रपिंडातली गाळणी अशी शरीरातली कामे रेणूंच्या पातळीवर कशी चालतात, याचा शोध घेणारी शाखा म्हणजे आण्विक शरीरक्रियाविज्ञान. तेच रेणू, पेशी आणि अवयव परस्परांवर कसे परिणाम करतात याचा मोजमापे व गणित यांच्या आधारे एकत्रित विचार करते ते प्रणाली जीवविज्ञान. वैद्यकातील पीएच.डी.चे अनेक विषय आज या दोहोंच्या सांध्यावर निघतात.

या सांध्याची सुरुवात चेतापेशीपासून झाली. हॉजकिन व हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विडच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून विद्युतस्पंदाची समीकरणे मांडली. १९६० मध्ये डेनिस नोबल यांनी तीच रीत हृदयपेशीला लावली. हे स्पंद पेशीपटलातल्या ज्या आयन-मार्गिकांमुळे घडतात, त्यांतल्या एकीतून वाहणारा प्रवाह पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागात, भरतो. तो मोजण्याचे तंत्र नेहर व साकमान यांनी बसवले आणि त्याबद्दल त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या क्षेत्रातल्या मराठी नावांत आरंभीचे नाव म्हणजे कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. केंब्रिजची त्यांची पीएच.डी. १९३९ ची. पेशीच्या श्वसनात काम करणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या ऊतींतही असते, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवले. प्रबंध होता जेमतेम चाळीस पानांचा. आजच्या जाडजूड प्रबंधांच्या जमान्यात हा आकडा डोळ्यांत भरतो.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत बोलके काम मात्र पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने केले. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांची गर्भधारणेच्या आधीपासून पाहणी सुरू केली. त्यांचा आहार, कष्टाची कामे, वजन, कातडीच्या घडीची जाडी, रक्त असे सगळे मोजले गेले. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण पुण्याची बाळे सगळीकडून सारखी बारीक नव्हती: स्नायू कमी आणि पाठीवरची चरबी त्या मानाने शाबूत. रोडक्या अंगात लपलेल्या या चरबीचे एक गमतीदार छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. त्यात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा देहभार निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

यामागे रेणू कोणते, याचा एक धागा २००८ मध्ये हाती लागला. पाहणीतल्या दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेट मात्र जवळपास सर्वांचे पुरेसे होते. होमोसिस्टीनचे मेथिओनीन करणाऱ्या विकराला दोन्ही लागतात. बी-१२ नसेल तर फोलेट अर्ध्या वाटेवर अडकून पडते, होमोसिस्टीन साचते आणि डीएनएवर मिथिल खुणा चढवण्याच्या कामाला कच्चा माल कमी पडू शकतो. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांची मुले सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. केवळ लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटून भागेल, असे मानणाऱ्यांना यातून विचार करावा लागतो. पाहणीतल्या मुलांना वयात येताना बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते पाहणारी ‘प्रिया’ चाचणी २०१२ मध्ये सुरू झाली.

इथेच पीएच.डी.ची खरी अडचण दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा. अशी पाहणी मात्र पिढ्यांच्या हिशेबाने चालते. म्हणून विद्यार्थी बहुधा दुसऱ्याने सुरू केलेल्या कामात मधूनच शिरतो आणि गोठवून ठेवलेल्या नमुन्यांतून आपला प्रश्न काढतो. चांगला मार्गदर्शक निवडणे म्हणजे बऱ्याच अंशी चांगला शीतपेटीसाठा निवडणे.

या कामापर्यंत पोहोचायचे कसे? उदाहरणार्थ, कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजच्या विद्यार्थ्यासाठी वाट साधारण अशी: गावात बी.एस्सी., मग १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात एम.एस्सी., आणि पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. एम.बी.बी.एस.नंतर एम.डी. करून येणाऱ्यांचा मार्ग वेगळा. हिरण्यकेशीकाठच्या या तालुक्याला कोल्हापूरइतकेच बेळगावही सोयीचे आहे. तिथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकावरची राष्ट्रीय संस्था आहे. पेशीविज्ञानाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था यांसाठी मात्र पुणे गाठावे लागते.

कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, वरिष्ठ ४२,००० रुपये. नेटची अधिछात्रवृत्ती हुकली तर राज्य सरकारच्या सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांकडे अर्ज होतात. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल, शेवटी किमान दोन बाह्य परीक्षक आणि मौखिक परीक्षा असा क्रम असतो. शोधनिबंध छापून येण्याची सक्ती २०२२ मध्ये गेली, तरी मार्गदर्शक तो मागतातच. माणसांचे नमुने घ्यायचे तर संस्थेच्या नीतिसमितीची संमती लागते, प्राण्यांवर प्रयोग करायचे तर प्राणी नीतिसमितीची; आणि त्या मिळेपर्यंत जाणारे महिने मुदतीतच धरले जातात.