उलाळ आणि कमानपाटा : बीड जिल्ह्यातील वाहनांच्या इतिहासातील एक प्रश्न

१

बैलगाडीच्या मागील भागात भार अधिक झाला म्हणजे जू वर उचलले जाते आणि गाडी मागे कलते. या अवस्थेला मराठीत ‘उलाळ’ असा नेमका शब्द आहे. मोटारीच्या युगात हा शब्द मागे पडला. परंतु तो ज्या अवस्थेचा निर्देश करतो ती नाहीशी झाली नाही. मागील पाटे बसलेली जीप किंवा पिकअप हे तिचेच नवे रूप होय. बैलगाडी एकाच आखावर तोललेली असल्यामुळे संपूर्ण कलते. चारचाकी वाहन आपल्या पाट्यांच्या लवचिकतेपुरते कलते, एवढाच भेद.

प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात या अवस्थेचा व तिच्यावर योजिल्या जाणाऱ्या उपायांचा विचार करावयाचा आहे. आमचे प्रतिपादन असे की, पाटे बसणे हा केवळ पोलादाचा दोष नव्हे. वाहन ज्या भारासाठी घडविले गेले तो भार आणि समाजाने त्याच्यावर प्रत्यक्ष घातलेला भार यांमधील तफावतीची ती एक नोंद आहे. आणि तिच्यावरील बहुतेक उपाय भार नाहीसा न करता तो दुसरीकडे सोपवितात.

२

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी, मध्ये बालाघाटची रांग आणि दक्षिणेस मांजरा अशी भूमीची रचना आहे. गेवराई-माजलगावकडील काळी जमीन पावसाळ्यात चाक धरून ठेवते; पाटोदा, धारूर या भागांतील वाटा मुरमाड व चढउताराच्या. अशा भूमीवर शतकानुशतके चाललेल्या गाडीला कमान नव्हती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव आणि मध्ये आख, एवढ्यावर ती चाले. रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट साट्याला आणि तेथून बैलांच्या खांद्यांना पोहोचे. म्हणूनच माल आखाच्या पुढे किती व मागे किती भरावयाचा, हे गाडीवानाच्या विद्येचे मुख्य अंग होते. गाडी उलाळ झाली तर जोत गळ्याला आवळे. जुवाकडे जड झाली तर खांदा सोलवटे.

हैदराबाद संस्थानात निजामाच्या सरकारी रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्ता-वाहतूक खाते सुरू केले. संस्थानातील संघटित सरकारी मोटार-वाहतुकीचा हा प्रारंभ होय. तथापि खेड्यापाड्यांचा व्यवहार त्यानंतरही दीर्घकाळ बैलगाडीवरच राहिला. बीड शहरापर्यंत रेल्वे येण्यास तर २०२५ साल उजाडावे लागले. रेल्वेने अन्यत्र जो भार उचलला, तो या जिल्ह्याच्या बहुतेक भागात रस्त्यावरच्या वाहनांनी उचलला, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवी.

३

एकावर एक पोलादी पट्ट्या रचून केलेला कमानपाटा युरोपातील घोडागाड्यांतून मोटारीत आला. ओबडाया एलियट याने १८०४ साली इंग्लंडमध्ये लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले, तेव्हापासून गाडीचा सांगाडा चाकांपासून खऱ्या अर्थाने अलग झाला. पाट्याची ताठरता पट्ट्यांच्या संख्येच्या व रुंदीच्या प्रमाणात, जाडीच्या घनाच्या प्रमाणात आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पट्टी सव्वापट जाड केली की ताठरता जवळजवळ दुप्पट होते. पुढे येणाऱ्या दुरुस्तीच्या प्रश्नाचे मर्म या साध्या नियमात आहे.

चारही चाकांना गती देणारी विलीस जीप १९४१ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी सिद्ध झाली. सैन्याच्या परिभाषेत ती ‘पाव टनी ट्रक’ होती. म्हणजे खडतर भूमीवर सुमारे पाव टन ओझे, हीच तिची मर्यादा. मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या ‘महिंद्र अँड महंमद’ या संस्थेचे १९४८ साली ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे नामांतर झाले. स्वातंत्र्यानंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत तिने माझगाव येथे जीपची जुळणी सुरू केली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. या काळात जीप ही शासनाचे वाहन म्हणून खेड्याला परिचित झाली. अधिकारी, चालक व दोन-चार कागदपत्रांच्या पेट्या एवढ्या ओझ्याने तिचे पाटे बसण्याचे कारण नव्हते.

४

जीप शासनाकडून प्रवाशांकडे आली तेव्हा परिस्थिती पालटली. लांब सांगाड्याच्या जीपमध्ये मागे समोरासमोर दोन बाके टाकून ‘काळी-पिवळी’ वाहतूक रूढ झाली. पंधरा माणसे सरासरी ५५ किलोंची धरली तरी भार ८२५ किलो होतो; टपावरील गाठोडी निराळी. या भाराचा मोठा अंश मागील आखाच्याही मागे पडतो. दोन आखांतील अंतर २४० सेंटिमीटर असून ३०० किलो भार मागील आखाच्या ६० सेंटिमीटर मागे ठेवला, तर मागील आखावर ३७५ किलो येतात आणि पुढील आखावरून ७५ किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी झाल्याने सुकाणूची पकड सुटते, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, आणि मांजरसुंब्याच्या वा धारूरच्या घाटात याचा अर्थ काय होतो हे निराळे सांगणे नको. गाडीवान ज्याला उलाळ म्हणत असे ती हीच अवस्था.

ऊसतोडणीच्या हंगामाने या प्रश्नास आणखी एक अंग दिले. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघणाऱ्या टोळ्या ट्रक, ट्रॅक्टर व पिकअप यांतून संसारासह जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याचे ओझे माणसांवर असते, आणि त्या माणसांचे, भांड्यांचे, कोयत्यांचे ओझे पाट्यांवर. कारखान्यावर टायरगाडी ओढणाऱ्या बैलांना तर आजही कमानीचा आधार नाही.

५

बसलेल्या पाट्यांवर प्रचलित असलेले उपाय चार आहेत. पहिला, जास्तीचा पाटा घालणे. याने उंची व ताठरता दोन्ही वाढतात. परंतु रिकामी गाडी उसळते आणि जो धक्का पाटा गिळत असे तो चासीकडे व बसणाऱ्यांच्या पाठीकडे जातो. दुसरा, जुने पाटे हातोड्याने ठोकून कमान वाढविणे. पोलादावर पुन्हा योग्य उष्णता-संस्कार केला नाही तर ही कमान अल्पावधीत उतरते. तिसरा, लांब शॅकल लावणे. शॅकल दहा सेंटिमीटर लांबविले तर आखापाशी सुमारे पाचच सेंटिमीटर उंची मिळते, आणि आखाचा कोनही फिरतो. चौथा, पाटा व आख यांमध्ये ठोकळा बसविणे. याने उंची मिळते, ताठरता मिळत नाही. शिवाय जोर लावताना आख पिळला जाऊन प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवर ताण येतो. थकलेला पाट्यांचा संच संपूर्ण बदलणे हाच सर्वांत निर्दोष मार्ग. पण तोही भार मर्यादेत राहील तरच.

उपायापूर्वी निदान हवे. सपाट जागेवर, हवा समान ठेवून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजावे; मोडकी पट्टी, तुटलेला सेंटर बोल्ट, झिजलेले बुश, सैल यू बोल्ट पाहावेत. रिकाम्या भारवाहू गाडीचा मागील भाग किंचित उंच असणे हा दोष नव्हे. भार भरल्यावर गाडी समतल यावी म्हणून तो हेतुतः तसा ठेवलेला असतो. रिकामी असता समतल केलेली गाडी भरल्यावर उलाळच होणार.

हौसेने उंच केलेल्या चारचाकी-चालनाच्या गाड्यांत हा विवेक विशेष आवश्यक ठरतो. २०१० च्या ‘थार’ला मागे कमानपाटे होते, २०२० च्या नव्या रचनेत गुंडाळी स्प्रिंगा आल्या, परंतु तत्त्व बदलले नाही. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो, ब्रेकची नळी व शॉकॲब्सॉर्बर अपुरे पडू शकतात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ने उत्पादकाच्या मूळ तपशिलांत विसंगती आणणारे फेरफार निषिद्ध ठरविले आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निर्णयात त्यास दुजोरा दिला आहे.

६

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक काळात या जिल्ह्यातील वाहनाने आपल्या घडणीपेक्षा अधिक भार वाहिला आहे. तो भार प्रथम बैलांच्या खांद्यांवर होता. नंतर तो पाट्यांवर आला. आणि पाटे ताठ केले तेव्हा प्रवाशांच्या व चालकांच्या शरीरांवर गेला. रेल्वेचा विलंब, पावसावर अवलंबून असलेली शेती आणि हंगामी स्थलांतर ही त्यामागची कारणे गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी नव्हेत. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने दप्तरांबरोबर दुरुस्तीच्या प्रथांकडेही साधन म्हणून पाहावे. कोणत्या मार्गावरील गाड्यांत किती जास्तीचे पाटे घातले जातात, याची पद्धतशीर नोंद केली तर जिल्ह्यातील माणसांच्या व मालाच्या प्रवाहाचा एक विश्वसनीय आलेख हाती येईल, आणि तो भार अखेर कोणी वाहिला या प्रश्नाचे उत्तरही काही अंशी मिळेल.