धरमतरची वाट का सोडली?

वडखळच्या नाक्यावरून अलिबागकडे वळले की थोड्याच अंतरावर धरमतरची खाडी लागते. मुंबईहून बोटीने धरमतरला उतरायचे आणि पुढे मोटारीने महाड गाठायचे, ही १९२७ साली नेहमीची वाट होती. २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने निघालेल्या बाबासाहेबांनी ती टाळून दासगाव बंदर धरले. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातलाच तर दासगावहून महाड पाच मैल. पायी जाता येते.

मनुस्मृतिदहनाची चर्चा आपले अभ्यासक २५ डिसेंबरच्या रात्रीपासून सुरू करतात. मला ती या सोडलेल्या वाटेपासून करावीशी वाटते. विटाळ ही केवळ पोथीतली कल्पना असती तर बंदर बदलण्याची पाळी का आली असती? त्याच वर्षी २० मार्चला आमची माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली, तेव्हा सनातन्यांनी मंत्र म्हणत पंचगव्याच्या घागरींनी तळे 'शुद्ध' करून घेतले. शेणमूत पवित्र आणि माणूस अपवित्र! अशा धर्मशास्त्राची चिकित्सा पंडितांच्या सभेत होणार नव्हती. ती महाडच्या मांडवात झाली.

दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण. अनुमोदन पां. ना. राजभोज यांचे. ब्राह्मणद्वेषाचा आरोप करणाऱ्यांनी ही दोन नावे एकदा शेजारी ठेवून वाचावीत.

तळ्याच्या दाव्याचा उच्च न्यायालयातला निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी आहे, हे सवर्णांना शाबीत करता आले नाही.