हृदयातली चोरवाट

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट आमच्या भागात सर्वांच्या ओळखीचा. घाटात गाडीला वेग आवरावाच लागतो. हृदयातही असा एक घाट आहे. वरच्या कप्प्यांतून, म्हणजे अलिंदांतून, निघालेली विद्युतलहर खालच्या निलयांकडे एकाच जागेतून उतरते आणि तिथे क्षणभर थबकते. ही जागा सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने १९०६ मध्ये दाखवली. काहींच्या हृदयात मात्र जन्मतःच स्नायूची एक जास्तीची बारीक पट्टी राहून गेलेली असते. तिथे थांबा नाही. लहर एका वाटेने उतरून दुसरीने वर चढू लागली, की नाडी मिनिटाला दोनशेच्या घरात जाते.

ही चोरवाट उमगायला इतका काळ का लागला, हा प्रश्न मला इलाजाइतकाच महत्त्वाचा वाटतो. १८९३ मध्ये स्टॅन्ली केंट यांनी अलिंद-निलयांना जोडणारे स्नायूंचे धागे वर्णिले होते. पण ते निरोगी हृदयांतही असतात, असा त्यांचा दावा होता. इतरांना ते सापडेनात. १९१४ मध्ये जॉर्ज माइन्सने अशा धाग्यातून लहर गोल फिरू शकेल, असे लिहिले. त्याच वर्षी, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो गेला. केंट यांच्या फाजील दाव्याबरोबर त्यातले खरेही अडगळीत पडले.

आम्ही महाडकर काळ मोजतो तो २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापासून. त्यानंतर वर्षभराने, २ एप्रिल १९२८ रोजी, बॉस्टनला पॉल व्हाइट यांच्याकडे धडधडीची तक्रार घेऊन पस्तिशीचा एक गृहस्थ आला. त्याचा ईसीजी चमत्कारिक होता, पण व्यायामानंतर तो सरळ झाला. व्हाइट, लुई वोल्फ आणि लंडनचे जॉन पार्किन्सन यांनी १९३० मध्ये असे अकरा रुग्ण प्रसिद्ध केले. लेखाच्या शीर्षकातच ‘निरोगी तरुण’ हे शब्द होते आणि निदान होते विद्युतवाहक शाखेतल्या अडथळ्याचे. वाट जास्तीची असताना ती बंद असल्याचे मानले गेले! १९३३ मध्ये वोल्फर्थ आणि वुड यांनी केंटच्या धाग्यांकडे पुन्हा बोट दाखवले. १९४३ मध्ये अशा एका मृत रुग्णाच्या हृदयात ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सापडली. ‘निरोगी’ हा शब्द मला तेव्हापासून खटकतो. यातल्या थोड्या जणांना अचानक मरणही येते.

१९६८ चे वर्ष मोठे विलक्षण. फेब्रुवारीत परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले. ती पट्टी कापली गेली त्यानंतर, २ मे रोजी, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. विल सिली यांनी एका कोळ्याची छाती उघडून. अख्खे हृदय बदलणे आधी जमले, कारण पट्टी नेमकी कुठे आहे, हे जिवंत हृदयावर बिंदूबिंदूने लहर मोजल्याशिवाय कळत नव्हते. पुढे जांघेतून तारा घालून आतूनच मोजता येऊ लागले. १९९१ पासून रेडिओलहरींच्या उष्णतेने तो ठिपका जाळणे रूढ झाले. छाती उघडावी लागत नाही आणि बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात.

गिरणीच्या दिवसांपासून आमच्याकडची माणसे परळ-लालबागला जातात, त्यामुळे मोठा दवाखाना अनोळखी नाही. अडते ते आधीच. वस्तीवरून तालुक्याला येईतो धडधड थांबलेली असते आणि ‘घाबरलास’ म्हणून पोराला परत पाठवतात. वास्तविक अनेकांच्या शांत वेळच्या ईसीजीतही चोरवाटेची खूण दिसते: उंच लाटेच्या पायथ्याशी आलेला तिरका उतार. तो कागद जपून ठेवावा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवावा. अलिंदेच वेडीवाकडी थरथरू लागली, तर धडधडीवर एरवी चालणारे व्हेरापामिल अशा रुग्णाला घातक ठरू शकते: घाटात गाड्या अडतात आणि चोरवाट मोकळी राहते.